ऑन्टारियोतील वॉटर हीटर भाडेकरार

ऑन्टारियोतील वॉटर हीटर भाडेकरार म्हणजे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात घरातील पाणी तापविण्याचे यंत्र विकत न घेता दरमहा भाडे देऊन वापरण्यासाठी घरमालक व भाडेकंपनी यांच्यात होणारा करार होय. यंत्राची मालकी कंपनीकडे राहते. दुरुस्ती व बदली यांची जबाबदारी सामान्यतः कंपनी घेते आणि त्या मोबदल्यात घरमालक ठरावीक भाडे भरतो. पहिल्या दिवशी मोठी रक्कम द्यावी लागत नाही, हे या पद्धतीचे मुख्य आकर्षण आहे. मात्र अनेक वर्षांत भरलेल्या भाड्याची बेरीज यंत्राच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाऊ शकते. त्यामुळे खर्च वाचविण्यासाठी भाडेकरार संपवून स्वतःच्या मालकीचे यंत्र बसविणे, हा तेथील घरमालकांपुढील एक नेहमीचा प्रश्न आहे. करार केव्हा व कसा संपवावा, त्यासाठी किती रक्कम द्यावी लागते आणि कायदा ग्राहकाला कोणते संरक्षण देतो, या बाबी त्यात गुंतलेल्या असतात.

पार्श्वभूमी

कॅनडातील दीर्घ व कडक हिवाळ्यामुळे घरात गरम पाण्याचा अखंड पुरवठा ही गरजेची बाब मानली जाते. तेथील घरगुती ऊर्जावापरात घर उबदार ठेवण्याच्या खालोखाल पाणी तापविण्याचा क्रमांक लागतो. ऑन्टारियोतील बहुतेक घरांत तळघरात किंवा घराच्या एखाद्या कोपऱ्यात उभी दंडगोलाकार टाकी असते. तिची धारणक्षमता साधारणपणे १५१ किंवा १८९ लिटर, म्हणजे अनुक्रमे ४० किंवा ५० अमेरिकी गॅलन असते. टाकीखाली नैसर्गिक वायूचा बर्नर असतो किंवा टाकीत विजेवर तापणारी कांब असते. टाकी न ठेवता वाहते पाणी लागेल तेव्हाच तापविणारी भिंतीवरील यंत्रेही अलीकडे वापरात आहेत.

महाराष्ट्रात गीझर हा सहसा विकत घेतला जातो आणि तो बहुधा एका स्नानगृहापुरता असतो. ऑन्टारियोतील यंत्र मात्र संपूर्ण घराला पाणी पुरविते व अनेकदा घराबरोबरच भाड्याने आलेले असते. भारतातून तेथे स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांना घर घेतल्यावर या भाड्याची ओळख बहुधा प्रथमच होते.

इतिहास

भाड्याची ही पद्धत वायू व वीज पुरविणाऱ्या कंपन्यांनी रुजविली. यंत्र भाड्याने दिले की ग्राहकाला एकरकमी खर्च पडत नसे आणि कंपनीच्या वायूला किंवा विजेला कायमचे गिऱ्हाईक मिळत असे. भाड्याची रक्कम वायूच्या बिलातच समाविष्ट होत असल्याने ती वेगळा खर्च म्हणून फारशी जाणवत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कन्झ्युमर्स गॅस व युनियन गॅस या प्रांतातील दोन मोठ्या वायुवितरण कंपन्यांचा हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर चालत होता.

वायुवितरण हा नियंत्रित व्यवसाय असल्याने त्याचे दर सरकारी नियामक मंडळ ठरविते. १९९९ मध्ये या दोन्ही कंपन्यांचा भाड्याचा व्यवसाय वितरणापासून वेगळा करून संलग्न कंपन्यांकडे सोपविण्यात आला. तेव्हापासून तो खुल्या बाजारातील व्यवसाय झाला. कन्झ्युमर्स गॅसचा भाडेव्यवसाय एनब्रिज सर्व्हिसेस या कंपनीकडे गेला. २००२ मध्ये ब्रिटनच्या सेंट्रिका समूहाने ती कंपनी सुमारे १ अब्ज कॅनेडियन डॉलरना विकत घेतली आणि पुढे हा व्यवसाय डायरेक्ट एनर्जी या नावाने चालला. भाड्याने दिलेल्या टाक्यांची मालकी त्याच वर्षी स्थापन झालेल्या एका गुंतवणूक निधीकडे देण्यात आली. हाच निधी पुढे एनरकेअर या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१४ मध्ये एनरकेअरने डायरेक्ट एनर्जीचा ऑन्टारियोतील गृहसेवा व्यवसाय विकत घेतला, तर २०१८ मध्ये ब्रुकफिल्ड इन्फ्रास्ट्रक्चरने एनरकेअर ताब्यात घेतली. युनियन गॅसकडील व्यवसायातून आजची रिलायन्स होम कम्फर्ट ही कंपनी उभी राहिली. २०१७ मध्ये ती हाँगकाँगमधील सीके समूहाकडे गेली. या कंपनीचा भारतातील रिलायन्स उद्योगसमूहाशी संबंध नाही.

लाखो घरांतून दरमहा नियमित येणारे भाडे हे स्थिर उत्पन्न असल्याने मोठ्या गुंतवणूकदारांना हा व्यवसाय आकर्षक वाटला. हेच भाडे ग्राहकाच्या बाजूने पाहिले असता न संपणारा खर्च ठरते.

कराराचे प्रकार

व्यवहारात भाडेकरारांचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात.

१. मुदत नसलेला करार : हा प्रामुख्याने जुन्या ग्राहकांचा करार होय. त्याला शेवटची तारीख नसते. ग्राहक भाडे भरत राहतो, टाकी निकामी झाली की कंपनी दुसरी बसविते आणि भाडे पुढे चालू राहते. टाकी परत केल्यास असा करार सामान्यतः संपतो. टाकीच्या वयानुसार काही शुल्क आकारले जाऊ शकते.

२. ठरावीक मुदतीचा करार : यात दहा वर्षे किंवा त्याहून अधिक मुदत बांधून घेतलेली असते. मुदतीपूर्वी करार सोडल्यास द्यावयाची रक्कम करारातील तक्त्यात दिलेली असते. दारोदार फिरून केलेल्या विक्रीतून असे अनेक करार झाले.

दोन्ही प्रकारांत भाडे दरवर्षी वाढविण्याची तरतूद असू शकते. भाड्यावर १३ टक्के एकत्रित विक्रीकरही लागतो. जाहिरातीतील किंवा विक्रेत्याने तोंडी सांगितलेली रक्कम बऱ्याचदा करापूर्वीची असते.

करार संपविण्याचे मार्ग

भाडे थांबविण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत.

बायआउट : कंपनीला ठरलेली रक्कम देऊन बसविलेली टाकीच विकत घेतली जाते. टाकी जागेवरच राहते, त्यामुळे कारागिराचा खर्च पडत नाही. टाकी जुनी होत जाते तशी ही रक्कम सहसा कमी होते. मात्र त्या दिवसापासून दुरुस्तीची व बदलीची जबाबदारी घरमालकाची होते.

टाकी परत करून नवी विकत घेणे : कंपनीची टाकी काढून परत केली जाते आणि तिच्या जागी स्वतःच्या मालकीची टाकी बसविली जाते. नव्या टाकीवर उत्पादकाची हमी मिळते व ती पूर्ण आयुष्यभर वापरता येते. जुनी टाकी काढणे, रिकामी करणे, नेऊन देणे आणि करारानुसार लागणारे शुल्क हा यातील अतिरिक्त खर्च होय.

टाकी निकामी होताच करार संपविणे : जुन्या, मुदत नसलेल्या करारात टाकी गळू लागल्यावर कंपनीकडून दुसरी बसवून न घेता ती परत करणे हा कमी खर्चाचा मार्ग ठरू शकतो. मात्र गरम पाणी अचानक बंद झाल्यामुळे अशा वेळी घाई होते. घाईत नवी भाड्याची टाकी बसवून घेतल्यास तिच्याबरोबर नवा दीर्घ मुदतीचा करारही स्वीकारला जाण्याचा संभव असतो.

आर्थिक गणित

करार संपविणे लाभदायक आहे किंवा नाही, हे भाडे, बायआउटची रक्कम, टाकीचे वय आणि उरलेले आयुष्य यांवर अवलंबून असते. पुढील आकडे केवळ गणिताची रीत स्पष्ट करण्यासाठी गृहीत धरले आहेत.

समजा, मासिक भाडे ३५ डॉलर आहे. १३ टक्के कर धरून ते ३९.५५ डॉलर होते. वर्षाचे भाडे ४७४.६० डॉलर आणि १२ वर्षांचे ५,६९५.२० डॉलर होते. भाडे दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढत गेल्यास हीच बेरीज सुमारे ६,७३५ डॉलरपर्यंत जाते.

नवी टाकी बसविण्याच्या मजुरीसह व करासह २,२०० डॉलरना मिळाली आणि जुनी परत करण्यास ३०० डॉलर लागले, तर एकूण खर्च २,५०० डॉलर होतो. भाडे न वाढता ३९.५५ डॉलरच राहिले असे धरले, तरी हा खर्च ६४व्या महिन्यात, म्हणजे सुमारे सव्वापाच वर्षांत भरून निघतो. बारा वर्षांत दुरुस्तीवर ६०० डॉलर खर्च झाले असे मानल्यास एकूण बचत २,५९५.२० डॉलर होते.

बायआउटचे गणित वेगळे असते. बायआउटची रक्कम ६०० डॉलर असेल, तर ती १६व्या महिन्यात वसूल होते. त्यानंतर टाकी चालेल तितका काळ बचत होते. परंतु टाकी दहाच महिन्यांत निकामी झाली, तर वाचलेले भाडे केवळ ३९५.५० डॉलर भरते आणि २०४.५० डॉलरचा तोटा होतो. टाकीचे आयुष्य साधारणपणे १० ते १५ वर्षे असते. म्हणून अखेरच्या वर्षांत असलेल्या टाकीसाठी मोठी रक्कम देणे जोखमीचे असते, तर अल्प रकमेत मिळणारी मध्यम वयाची टाकी घेणे बऱ्याचदा फायद्याचे ठरते. टाकीवरील पट्टीवर निर्मितीची तारीख किंवा तिचा निर्देश करणारा अनुक्रमांक असतो. त्यावरून तिचे वय समजते.

भाड्याच्या बाजूनेही काही मुद्दे मांडले जातात. अचानक मोठा खर्च येत नाही, दुरुस्तीसाठी कारागीर शोधावा लागत नाही आणि थोड्याच काळात घर विकावयाचे असल्यास नव्या टाकीत पैसे गुंतवावे लागत नाहीत. ज्या कुटुंबाकडे दोन-अडीच हजार डॉलर शिल्लक नाहीत आणि ज्यांना ते व्याजाने उभे करावे लागतील, त्यांनी व्याजाची रक्कम वरील गणितात मिळविणे आवश्यक असते.

प्रक्रिया

करार संपविताना सर्वप्रथम मूळ कराराची प्रत मिळविली जाते. ती हाताशी नसल्यास कंपनीकडे मागता येते. त्यानंतर करार संपविण्याची एकूण रक्कम कंपनीकडून लेखी घेणे इष्ट असते. दूरध्वनीवर सांगितलेली बायआउटची रक्कम आणि प्रत्यक्ष बिलातील रक्कम यांत कर, टाकी काढण्याचे शुल्क किंवा थकबाकी यांमुळे फरक पडू शकतो. कंपन्या या टप्प्यावर भाड्यात सवलत देऊन ग्राहकाला थांबविण्याचा प्रयत्न करतात. अशी सवलत स्वीकारल्याने नवी मुदत सुरू होते का, हे पाहावे लागते.

टाकी परत करताना परतीची तारीख, टाकीचा अनुक्रमांक व स्वीकारल्याची पावती जपून ठेवली जाते. ही पावती नसल्यास टाकी परत मिळालीच नाही, अशा कारणावरून भाडे चालू राहण्याचा वाद उद्भवू शकतो. पुढील दोन-तीन बिले तपासणे आणि बँकेतून आपोआप होणारी वजावट बंद झाल्याची खात्री करणे हा प्रक्रियेचा शेवटचा भाग होय. करार रीतसर न संपविता केवळ भाडे भरणे थांबविल्यास थकबाकी वसुलीकडे जाऊन ग्राहकाच्या पतनोंदीवर परिणाम होऊ शकतो.

सुरक्षितता

वायूवर चालणारी टाकी घरमालकाने स्वतः जोडणे किंवा काढणे ऑन्टारियोत कायदेशीर नाही. हे काम प्रमाणित वायुतंत्रज्ञानेच करावे लागते. त्याच्या परवान्याचे नियंत्रण टेक्निकल स्टँडर्ड्स अँड सेफ्टी ऑथॉरिटी ही संस्था करते. सदोष जोडणीमुळे वायुगळती होऊ शकते, तसेच धूर बाहेर नेणारी नळी नीट न बसल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू घरात साठू शकतो.

साठविलेल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणूंची वाढ होऊ नये म्हणून टाकीतील तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले जाते, तर भाजण्याचा धोका टाळण्यासाठी मिश्रक झडपेने नळाला येणारे पाणी ४९ अंशांपर्यंत थंड केले जाते. टाकी मालकीची झाल्यावर ही झडप, दाब कमी करणारी सुरक्षा झडप आणि टाकीला गंजण्यापासून वाचविणारी मॅग्नेशियमची कांडी यांची देखभाल घरमालकाकडे येते. कांडी वेळेवर बदलल्यास टाकीचे आयुष्य वाढते.

कायदेशीर तरतुदी

स्पर्धाविषयक कारवाई

एका भाडेकंपनीकडून दुसरीकडे जाणे किंवा स्वतःची टाकी घेणे कठीण व्हावे अशा अटी घातल्या जातात, असा आक्षेप या व्यवसायावर वारंवार घेण्यात आला. २००२ मध्ये कॉम्पिटिशन ब्युरो या केंद्रीय संस्थेच्या अर्जावरून एनब्रिज सर्व्हिसेसच्या व्यवहारांवर निर्बंध घालणारा संमती-आदेश कॉम्पिटिशन ट्रायब्युनलने दिला. तो दहा वर्षांसाठी होता. डिसेंबर २०१२ मध्ये ब्युरोने डायरेक्ट एनर्जी व रिलायन्स या कंपन्यांविरुद्ध पुन्हा ट्रायब्युनलकडे धाव घेतली. टाकी परत करण्याच्या अटींद्वारे या कंपन्या ग्राहकांना अडवून ठेवतात, असा ब्युरोचा आरोप होता. २०१४ मध्ये रिलायन्सने ५० लाख डॉलर दंड भरण्याचे व परतीची पद्धत सुधारण्याचे मान्य केले. २०१५ मध्ये डायरेक्ट एनर्जीने १० लाख डॉलर दंड देण्याचे मान्य केले.

दारोदार विक्री

दुसरा आक्षेप दारावर येणाऱ्या विक्रेत्यांविषयी होता. सरकारी तपासणी करावयाची आहे किंवा जुनी टाकी धोकादायक झाली आहे, अशी बतावणी करून करारावर सही घेतल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर येत. वृद्ध, एकटे राहणारे आणि इंग्रजी फारसे न येणारे नवागत यांना त्याची झळ अधिक बसत असे. काही घरांत जुन्या कंपनीचा करार न संपताच नवी टाकी बसविली जाई व एकाच घरावर दोन कंपन्यांच्या मागण्या लागू होत.

१ एप्रिल २०१५ पासून दारावर झालेल्या वॉटर हीटर करारासाठी २० दिवसांचा फेरविचार कालावधी देण्यात आला आणि त्या काळात यंत्र बसविण्यास मनाई करण्यात आली. १ मार्च २०१८ पासून वॉटर हीटर, फर्नेस, वातानुकूलक, पाणी शुद्धीकरण यंत्रे इत्यादींची ग्राहकाने न बोलाविता घरी येऊन विक्री करण्यास किंवा भाड्याने देण्यास बंदी आली. या बंदीचा भंग करून केलेला करार शून्यवत मानला जातो. ग्राहकाने स्वतः बोलावून घरी केलेल्या अशा करारालाही १० दिवसांचा फेरविचार कालावधी मिळतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २००२ अन्वये खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देऊन करार करून घेतला असल्यास तो एका वर्षाच्या आत रद्द करता येतो. रद्द करण्याची सूचना लेखी व तारखेसह देणे पुराव्याच्या दृष्टीने सोयीचे असते. प्रकरण न मिटल्यास प्रांतिक सरकारच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करता येते किंवा लघुवाद न्यायालयात दाद मागता येते. डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाने जुन्या कायद्याची जागा घेणारा नवा ग्राहक संरक्षण कायदा संमत केला. मात्र कायदा संमत झाल्याने त्यातील तरतुदी आपोआप लागू होत नाहीत. त्यांची अंमलबजावणी शासनाने जाहीर केलेल्या तारखेपासून होते.

मालमत्तेवरील नोंद

भाड्याने दिलेले यंत्र घराला जोडलेले असल्याने कंपन्या आपला हक्क घराच्या जमीन-अभिलेखात नोंदवीत असत. ही नोंद नोटीस ऑफ सिक्युरिटी इंटरेस्ट किंवा थोडक्यात नोसी या नावाने ओळखली जाते. अनेक घरमालकांना तिची कल्पनाही नसे. घर विकताना किंवा त्यावर नवे कर्ज घेताना ती उघडकीस येई आणि व्यवहार अडू नये म्हणून यंत्राच्या किमतीच्या अनेक पट रक्कम देऊन ती काढून घ्यावी लागे. काही टोळ्यांनी वृद्धांना फसविण्यासाठी या नोंदीचा पद्धतशीर वापर केल्याचे उघड झाले. ६ जून २०२४ रोजी मंजूर झालेल्या घरमालक संरक्षण कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी अशी नोंद करण्यास बंदी घातली व पूर्वीच्या नोंदी कालबाह्य ठरविल्या. मात्र नोंद संपल्याने मूळ भाडेकरार आपोआप संपत नाही. तो वेगळा संपवावा लागतो.

घराची खरेदी-विक्री

ऑन्टारियोत प्रचलित असलेल्या घरखरेदीच्या छापील करारनाम्यात भाड्याच्या वस्तूंसाठी स्वतंत्र कलम असते. त्यात वॉटर हीटरचा उल्लेख असल्यास खरेदीदार तो भाडेकरार पुढे चालविण्यास मान्यता देतो. सही करण्यापूर्वी मासिक भाडे, उरलेली मुदत व बायआउटची रक्कम मागवून घेतल्यास ती रक्कम विक्रेत्याने भरावी, अशी अट घालता येते. व्यवहार पूर्ण झाल्यानंतर ही संधी उरत नाही. नव्या घरांत अनेकदा बांधकाम व्यावसायिकानेच भाड्याचे यंत्र बसविलेले असते. त्यामुळे नव्या घराच्या करारनाम्यातही हे कलम तपासणे महत्त्वाचे ठरते.

हेही पाहा

ग्राहक संरक्षण
ऑन्टारियो
नैसर्गिक वायू
सौर पाणीतापक
भाडेपट्टा